हौश्या पुढून कसा दिसतो

३० जुलै
शोभाच्या दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली. माझी धाकटी नणंद. लहानपणापासून मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. आता दिसतं सगळं, पण ओळखू येतं थोडंच. डॉक्टर म्हणाले, वस्तू फिरवून फिरवून दाखवा. शाळेतून आले की घरी हाच वर्ग.

३ ऑग.
तांब्या उभा ठेवला, ओळखला. आडवा करून तोंड तिच्याकडे केलं, तर "ताटली." हातात दिला तशी हसायलाच लागली. "हा तं तांब्या! मंग सांगत काऊन नाही बे?" तांब्यालाच दटावलं.

१० ऑग.
शोभाचा हट्ट : पोळ्याच्या तोरणाखालून हौश्याला तीच घरी आणणार. वासरू होता तेव्हापासून तिच्या हातचा.
हे म्हणाले, "ढोल वाजतात, बैल बिथरतात. चाचपत जाशीन अन् भलत्याच्या शिंगावर पडशीन. दुरून नजरेनं ओळखला, तं कासरा तुह्या हातात."
"ठरलं, दादा!"
तेव्हापासून गोठ्यातलं शेण रोज तीच काढते. अभ्यास म्हणे!

२१ ऑग.
खांदशेकणी, पोळ्याच्या आदल्या दिवशीची. हौश्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळत शोभा म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." डोळे मिटलेले. मी रागावले. "हातानं तं तो पाठच हाय, वहिनी," म्हणाली. उद्या मात्र हात चालायचे नाहीत.

२२ ऑग. पोळा
तोरणाखाली बैलांची रांग. रंगवलेली शिंगं, बाशिंगं, झुली, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. शोभा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेली. काही नाही. ह्यांचंच तोंड उतरलं.
मग म्हणाली, "दादा, मले मांगून पाहू दे."
मागे गेलो. चार पावलं चालली नाही तोच, "हा!"
हौश्याच!! रोज शेण काढताना तिच्यासमोर त्याची मागचीच बाजू. आमच्या डोक्यात कसं आलं नाही? अख्खा गाव बैलाचं तोंड पाहून हात जोडतो, आमच्या बाईनं ढुंगण पाहून ओळखला.
"कशावरून गं? शेपटी?"
"कशावरून काय? हौश्या हाय म्हणून."
हे हसता हसता डोळे पुसत होते. कासरा दिला. ती अशी चालली जशी पाटलीणबाई.
दारात ओवाळायला समोर आली आणि थबकली. "हा कोणाचा बैल बे?" हसून हसून आरतीतला दिवा विझला. इतका आनंद या घरात कधी झाला होता, आठवत नाही.

२४ ऑग.
आता गव्हाणीपुढे बसून हौश्याचं तोंड पाठ करणं चालू.
सकाळी मी आणि पोळ्याला आलेल्या जाऊबाई अंगणात कपडे वाळत घालत होतो. मागून शोभा, "दोघी बी बोलू नका, वळू नका. वहिनी कोणती ते सांगतो."
उभ्या राहिलो. पावलं माझ्यामागे थांबली. जाऊबाईंकडे गेली. परत माझ्याकडे. इतकी वर्षं मी तिला नुसता आवाज होते. वळून बघायचा मोह झाला, खोटं कशाला लिहू.
"उद्या सांगतो," म्हणाली. "अजून पाहाचं हाय."
उद्या वेणी आजच्यासारखीच घालणे.