विहिरीचा मान

इचलकरंजी, शुक्रवार, दिवस मावळताना

म्हणजे मायच्या लेखी पुन्हा मीच खोटा का? दादा पाय घसरून पडला न्हाई, कितीदा सांगू?

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली दादा गेला, नवा फौजदार जीपमधून आला. साऱ्या गावानं त्याला एकच सांगितलं, विहीर खोदताना पाय घसरला. पण आदल्या दिवशी गावानंच दादाला नवं धोतर नेसवून हळद लावली होती. वर काढला तवा मनगटावर दोराचे वळ, कानामागं तीच हळद. हे मी एकटाच बोललो, म्हणून गावाबाहेर झालो. अन् विहिरीला पाणी लागलं.

आज आमच्याकडचा, चाकूरचा दत्तू मागाच्या कारखान्यात भेटला. हसून म्हणाला, "आरं, तुमची विहीर पुन्हा आटली. अमावस्येला विहिरीतल्या देवींची, आसरांची पूजा हाय. औंदा मान तुझ्या बहिणीला. कमळीला हिरवं लुगडं आलंय, हळद बी. तुझी माय लई खूश हाय!"

हळद. माझ्या हातातला धागाच तुटला.

घर लई आठवतं. कमळीची भाकर, दादाची शीळ. त्या विहिरीचं पाणी बी आठवतं, गोड होतं. असं कसं आठवतं मला?

मी गेलो तर वेशीतच अडवतील. खरं सांगितलं तर माय ऐकणार न्हाई. दत्तू उद्या गावाकडं चाललाय. त्याला म्हणलं, मी लई आजारी हाय, कमळीला घेऊन लगेच ये, असं मायला सांग. दोघींच्या एसटीच्या तिकिटाला, फक्त यायच्या, ऐंशी रुपये देतोय.