पेडल लाकडासारखं लागतं

३ मे

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही तिकडे ठीक असशील असं धरून चालतो. नसलीस तरी फोन आईला येतो, मला कोण सांगतंय!

काल फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडलंस, म्हणून हे पत्र. पत्राला "बाबा, मीटिंग आहे" म्हणता येत नाही.

विषय तुझ्या त्या ठेंगण्या गाडीच्या ब्रेकचा. टायर बदलताना पुढच्या डिस्कचा कपचा उडाला, हे मेकॅनिकनं तुला कळवलं आणि तू परस्पर सांगून मोकळी झालीस, "पुन्हा सिरॅमिकच घाला." मला विचारलं नाहीस. गाडी माझ्या दारात, किल्ली माझ्या खुंटीवर, अर्ध्या गावाला ब्रेक दाबायला मी शिकवलं, आणि माझ्या पोटची पोर ब्रेकबद्दल त्या चष्मेवाल्या मेकॅनिकचा सल्ला घेते! त्यालाही गाडी मीच शिकवली आहे. सुरुवातीला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे त्याला पायाकडे बघून ठरवावं लागायचं.

सिरॅमिकचं कौतुक त्यानं मला ऐकवलं. हलकं असतं, गंजत नाही, कितीही तापलं तरी ढिलं पडत नाही. सुट्टीच्या दिवशी तू ट्रॅकवर फेऱ्यांवर फेऱ्या मारतेस, तिथे त्याला तोड नाही. कबूल. पण बाकीचे दिवस गाडी कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबायला हवी की नको? थंड असताना ते सिरॅमिक मुकं असतं, मुकं! पेडल लाकडासारखं लागतं. आपण दाबतोय खरं, पण खाली काय चाललंय त्याचा पायाला पत्ता नाही. स्टील तसं नाही. स्टील पहिल्या दाबालाच उत्तर देतं.

मला हे कसं कळलं, असं विचारशील. हो, चालवली मी. बॅटरी उतरू नये म्हणून नुसती सुरू करून बंद करा, असं बजावून गेली होतीस. गाडी काय म्हातारा माणूस आहे, दारात उभी करून ठेवायला? फाटकाचा खांब जरा कललाय. तो आधीच कललेला होता. आई वेगळं सांगेल, तिचं ऐकू नकोस.

बाकी विशेष नाही. आईच्या चष्म्याचा नंबर वाढला. गरम पाण्याच्या पिशवीनं माझ्या पावलाला हा एवढा फोड आला. मला काही जाणवलं नाही, हिनंच दुसऱ्या दिवशी पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. पिशवीच भिकार. हल्ली कुठलीच वस्तू धड मिळत नाही.

तर, मेकॅनिकला मी सांगून टाकलंय. सिरॅमिक रद्द, चारी चाकांना स्टील. तो कुरकुरला, "ताईंना विचारतो." म्हटलं, "ताईंचा बाप समोर उभा आहे." मग "हो मास्तर" म्हणाला.

रागवायचं असेल तर खुशाल रागव.

गाडीचा मालक नसलेला, पण तुझा बाप असलेला,
बाबा

---

२९ मे

चि. ठमीस,

आशीर्वाद. तुझा मेसेज आईनं मोठ्यानं वाचून दाखवला. "बाबांनी माझ्या गाडीला हात लावायचा नाही." बस्स. ना नमस्कार, ना कसे आहात. वाचताना हिचाच आवाज चढला होता, म्हणजे तुम्ही दोघी एका बाजूला हे मी समजलो.

तो मेसेज काम होऊन गेल्यावर, एक दिवस उशिरा आला. आधीच येता तर ऐकलं असतं असं मात्र नाही.

स्टील बसलं. सकाळी आईला घेऊन निघालो, तिचा नवा चष्मा आणायला. आणि पेडल? लाकूड! तेच, तसंच. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, या गाढवानं पॅड भलतेच घातले, नाहीतर मला गंडवलं. आई म्हणत होती, "हळू घ्या, परत फिरू." मी म्हणालो, "तू मला गाडी शिकवू नकोस."

फळांच्या दुकानापाशी एक बाई रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबला. दाबला, ठमे. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उसळली. मी आणखी जोरात दाबला, ती आणखी उसळली. आई किंचाळली, मी स्टिअरिंग फिरवलं, गाडी फुटपाथवर चढली आणि सरबताच्या बाटल्यांच्या क्रेटमध्ये घुसली. आईनं मधलं हँडब्रेकचं बटण ओढून धरलं म्हणून भिंतीच्या अलीकडे थांबली. तू ते वापरताना हिनं पाहिलं होतं म्हणे.

बाई उडी मारून बाजूला झाली. कोणाला काही झालं नाही. हे वाक्य मी रोज स्वतःशी म्हणतोय, तुलाही लिहितो. कोणाला काही झालं नाही.

ती बाई फुटपाथवर बसून थरथरत होती. मी तिला पाणी द्यायला उतरलो, तर तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आपले ड्रायव्हिंगवाले मास्तर!" तेवढं म्हटलं नसतं तर चाललं असतं.

मेकॅनिक धावत आला आणि गाडी चालवत गॅरेजवर घेऊन गेला. मी मागून तरातरा चालत निघालो. आई हाका मारत मागे. गॅरेजमध्ये शिरलो तो थेट त्याची कॉलरच धरली.

"ब्रेक बसवलेस की खेळणं? माणूस मेलं असतं आज!"

"मास्तर, मी आत्ता हीच गाडी चालवत आणली. ब्रेक पक्के आहेत."

"पक्के? मग हे काय?" फरशीवर लाल डाग होते, ओले. "हे बघ! गळतंय तुझं काम! बघ डोळे फाडून!"

त्यानं वाकून डागाला बोट लावलं. मग माझ्याकडे बघितलं. "मास्तर, हे ऑइल नाही."

डाग गाडीखाली नव्हतेच. दारातून निघून ते माझ्यापर्यंत आले होते.

आई दारात उभी होती. अगदी हळू म्हणाली, "अहो, तुमची चप्पल कुठाय?"

उजव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निघाली माहीत नाही. तळव्यात बाटलीची काच रुतली होती, चांगली अंगठ्याएवढी. त्या काचेवर मी दोन गल्ल्या चालत आलो होतो, तावातावानं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मेकॅनिकनं मला स्टुलावर बसवलं, पाऊल मांडीवर घेतलं आणि चिमट्यानं काच उपसली. "आई गं" तोच म्हणाला. माझा पाय मात्र मजेत होता. चुरगळलेली कॉलर त्यानं नीटसुद्धा केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, "टोचलं की सांगा." मी वाट बघत बसलो. शेवटी म्हटलं, "अहो बाई, सुरुवात तरी करा." त्या म्हणाल्या, "झालं माझं."

रक्तातली साखर. पावलांच्या नसा गेल्यात, बरेच दिवस झाले असावेत. तेव्हा लाकूड कशाचं झालं होतं, आणि ब्रेक म्हणून मी कुठलं पेडल दाबत होतो, ते तुझं तू समज. मी लिहिणार नाही.

मला इतका राग आलाय ठमे, की तो ठेवू कुठे कळत नाही. तुझ्यावर काढला, मेकॅनिकवर काढला, पिशवीवर, सिरॅमिकवर काढला. आता ज्याच्यावर काढायचा ते पाऊल पट्टी बांधून उशीवर निवांत पडलंय, आणि मी त्याला शिव्या घातल्या तरी त्याला पोचत नाहीत.

लायसन्स आईकडे दिलंय. तिनं मागितलं नव्हतं. हात पुढे करून नुसती उभी राहिली, आणि घेतल्यावर आत जाऊन रडली. आता स्वतः गाडी शिकायला निघाली आहे, तेही माझ्या जुन्या शत्रूच्या क्लासात! म्हटलं, घरात मास्तर असताना? तर म्हणे, "तुम्ही ओरडता."

ब्रेकचं विचारशील. त्या लबाड मेकॅनिकनं तुझी ऑर्डर रद्द केलीच नव्हती. मला "हो मास्तर" म्हणाला आणि सिरॅमिकच्या डिस्क मागवून ठेवल्या. स्टील सध्या गाडीला आहे. तू ये, आधी त्याच्यावर चालव, मग सिरॅमिक बसवून चालव, आणि तुझ्या पायाला जे पटेल ते ठेव. मला विचारलंस तर मी अजूनही स्टीलच म्हणेन. पण मला विचारू नकोस. हे वाक्य लिहायला मला आख्खी दुपार लागली.

आलीस की मला एक चक्कर मारून आण. आयुष्यभर मी शिकणाऱ्यांच्या शेजारीच बसलो, पण आमच्या क्लासच्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असायचा. शिकणारा चुकला की मी थांबवायचो. तुझ्या गाडीत त्या बाजूला नुसती रिकामी जागा आहे. मी ओरडेन, पाय आपटेन. तू लक्ष देऊ नकोस, तुला हवी तशी चालव.

शेजारच्या सीटवर, पट्टा लावून,
तुझा बाबा