दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरबाबत आणि उरलेल्या मालमत्तेबाबत

मी, खाली सही करणारी, या घरातली धाकटी मुलगी, अविवाहित, धंद्याने जुन्या गाड्यांची मेकॅनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मी कोणतीही गोळी घेतलेली नाही, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि लिहिताना शेजारी कोणी बसलेले नाही. उद्या माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. मग किरकोळ ऑपरेशनच्या संमतीपत्रावर 'मृत्यू' हा शब्द कशाला छापतात, असे मी विचारले, तेव्हा ते नुसते हसले. म्हणून हे लिहिणे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाने एखादा जुना कागद कोणी पुढे केलाच, तर तो खोटा समजावा.

कलम १. घर. आईबाबांमागे राहिलेल्या या घरातला माझा अर्धा हिस्सा दादाला, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाला द्यावा. अट एकच. घर आणि वर्कशॉप यांच्यामधली भिंत पाडू नये. बाबा गेले त्याच आठवड्यात दादा टेप घेऊन ती भिंत मोजत होता. पडद्यासाठी, म्हणाला. त्या भिंतीला खिडकी नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक वहिनीला, तिच्या एकटीच्या खात्यात. "नवरा-बायको म्हणजे एकच," असे दादा बँकेत म्हणेल. एक नाहीत, दोन आहेत, याची बँकेने नोंद घ्यावी.

कलम ३. हत्यारे. तीही वहिनीला. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना आणि पक्कड यांतला फरक माहीत नव्हता. आता बंद दारामागून आवाज ऐकून कोणती गाडी कशाने कण्हते आहे ते सांगते. अपवाद टॉर्क पान्याचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणाऱ्या पान्याचा. तो काकांकडे आहे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. रस्त्यापलीकडे त्यांचे स्वतःचे गॅरेज आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेला होता, बाबा हिंडते-फिरते होते तेव्हा. तो मागून घ्यावा, आणि घेताना मुठीवरची बाबांची लाल खूण पाहून घ्यावी. तसाच दिसणारा हलका पाना बाजारात मिळतो.

कलम ४. गाडी. हे कलम लांब आहे, कारण बाकी सगळे वाटून मोकळे होता येते, हिचे तसे नाही.

ही गाडी बाबांनी माझ्या जन्माआधी घेतली आणि शेवटच्या आजारपणात माझ्या नावावर केली. मला आकडे त्यांनी या इंजिनावर शिकवले, सिलिंडरच्या झाकणावर माझे बोट टेकवून. त्यामुळे आकडे चारच असतात अशी माझी समजूत होती, आणि शाळेत बाईंनी 'पाच' म्हटले तेव्हा बाई फसवत आहेत असे मी घरी येऊन सांगितले होते.

गेल्या महिन्यात गाडी चढावर धापा टाकू लागली आणि उभ्या जागी लंगडू लागली. नेमकी तेव्हाच मला वजन उचलायची बंदी झाली, म्हणून मी काकांना बोलावले.

असे झाले की सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासायचे. इंजिन गरम करायचे, चारही प्लग काढायचे, एकेका भोकात गेज बसवून स्टार्टर मारायचा. पिस्टन हवा किती दाबतो ते काटा सांगतो. आमच्या घरची रीत अशी, की काटा एकट्याने वाचायचा नाही. एकाने वाचून आपल्या बाजूला जमिनीवर खडूने आकडा लिहायचा, दुसऱ्याने तो न पाहता दुसऱ्या बाजूला लिहायचा, आणि मग दोन्ही पडताळायचे. बाबा आणि काका पाठचे भाऊ, तरी असेच करत. "माणूस काट्यावर स्वतःच्या मनातलं वाचतो," असे बाबा म्हणत.

मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तर प्लग जागेवर आणि गेज पेटीत.

"झालंसुद्धा?"

"झालं. दोन आणि तीन बसलेत. रिंगा गेल्या."

"दोन्हीच्या एकदम?"

"म्हातारपण काय एकेकाला विचारून येतं? इंजिन संपलं, बाई. ऑपरेशन होऊ दे, मी ओढून नेतो माझ्याकडे. तू हात लावायचा नाही."

"खडू कुठंय?"

"काय?"

"आकडे. जमिनीवर."

"अगं, माझ्यावर संशय? तुला कडेवर घेऊन फिरलोय मी!"

"बाबांनी तुम्हाला कडेवर घेतलं होतं. तरी खडू मागायचेच ना?"

काका चहा न पिता गेले. एरवी ते बशीतला सांडलेलाही सोडत नाहीत.

मग मी वहिनीला घेऊन सगळे पहिल्यापासून केले. बॅटरी दमलेली असली तर काटा खोटा पडतो, आणि माझ्या बॅटरीची मला खात्री नव्हती, म्हणून समोरच्या शिंप्यांच्या गाडीची आणली. वहिनीला आत बसवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला लावला, नाहीतर इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही. गेजचे बटण दाबेपर्यंत काटा जागचा हलत नाही. तेवढ्यात ती उतरून वाचायची, तिच्या बाजूला लिहायची. पहिला आणि चौथा दीडशे पौंडांच्या आसपास. दुसरा आणि तिसरा जेमतेम नव्वद. दोघींचे खडू जुळले.

म्हणजे काकांनी खोटे वाचले नव्हते. याने माझा संशय कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

कारण पुढे मी दोन्ही बसलेल्या सिलिंडरांत चमचा चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ऑइल फटी बुजवते आणि काटा वर चढतो. काटा ढिम्म. मग दुसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून, गाडी गिअरमध्ये अडकवून, त्यात कॉम्प्रेसरची हवा भरली आणि तिसऱ्याच्या भोकावर कागदाचा चिटोरा धरला.

"अगं, नाचतोय की हा!" वहिनी म्हणाली.

एकात भरलेली हवा शेजारच्यातून बाहेर येत होती. म्हणजे त्या दोघांमधली हेड गॅस्केट जळली आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये बसवतात तो हा पातळ थर. तो बदलला की इंजिन पुन्हा धडधाकट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम बसले तर आधी गॅस्केटवर संशय घ्यावा, हे मला बाबांनी नव्हे, काकांनी शिकवले आहे. तेव्हा त्यांची चूक झाली असे मला कोणी सांगू नये.

वहिनीचे म्हणणे असे:

"तू हेड उचलू नयेस म्हणून बोलले असतील गं. लोखंडाचा धोंडा तो. गॅस्केट म्हटलं असतं तर तू रात्रीच उघडून बसली असतीस."

"मग तसं सांगायचं तोंडावर."

"कोणाला? तुला? तू ऐकतेस?"

"तू त्यांची वकील कधीपासून?"

"माझी फी चहा. त्यांनी टाकलेला मी प्यायले."

हे शक्य आहे. मी प्रामाणिकपणे नोंदवते की शक्य आहे. पण हेही नोंदवते, की जुन्या गाड्यांचा एक शौकीन गेल्या महिन्यात दोनदा काकांच्या गॅरेजवर आला आणि दोन्ही वेळा आमच्या शेडकडे मान वळवून पाहून गेला. संपलेल्या इंजिनाची गाडी भंगाराच्या भावात हाती लागते; गॅस्केट बदलली की तीच शौकिनाच्या भावात विकता येते. मी रस्ता ओलांडून काकांना पुन्हा विचारले, "रिंगाच ना?" ते एका गाडीखाली पडलेले होते. "रिंगाच," असे खालून उत्तर आले. चेहरा दिसला नाही.

म्हणून असे ठरवते. माझ्यामागे काका, वहिनी आणि समोरचे शिंपी या तिघांदेखत हेड उघडावे. रिंगा झिजलेल्या निघाल्या तर गाडी काकांची; मी त्यांच्यावर अन्याय केला असे समजावे. गॅस्केट जळालेली निघाली तर गाडी वहिनीची, आणि काकांचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही. वहिनी म्हणते, यात मायेने खोटे बोललेला माणूसही हरतो. हरतो खरा. माया तपासायचे गेज माझ्याकडे नाही.

कलम ५. मागच्या शेडमधल्या निळ्या गाडीचे ब्रेक अर्धेच झाले आहेत. मालक गोड बोलतो आणि घाईत असतो. त्याला हे स्पष्ट सांगितल्याशिवाय किल्ली देऊ नये.

सहीपूर्वीची नोंद. दोन साक्षीदार लागतात. समोरचे शिंपी आले. कोपऱ्यावरचे रंगारी येतो म्हणून आले नाहीत. तेवढ्यात, उद्या हॉस्पिटलला कधी निघायचे ते विचारायला काका आले.

"हे आहेत की! घ्या यांची सही," शिंपी म्हणाले.

मी सांगितले, काका चालणार नाहीत. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळू शकते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला मिळायचे ते रद्द होते.

"मला मिळतंय काय एवढं?" काकांनी विचारले.

मी चौथे कलम त्यांना पहिल्या शब्दापासून वाचून दाखवले, संशय न वगळता. शिंपी छताकडे पाहत राहिले. काका मधे एकदाच बोलले, बशीच्या ठिकाणी: "हे कशाला लिहिलंस?"

वाचून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे रिंगा निघाल्या तर गाडी माझी."

"हो."

"आणि सही केली, तर रिंगा निघोत नाहीतर सोनं निघो, मला नाही."

"नाही. मग काहीही निघालं तरी वहिनीची."

"पेन दे."

"काका, चष्मा लावा आधी. नंतर म्हणाल की..."

"सरक गं. उजेड अडवतेस."

आधी सही माझी हवी, म्हणून पेन त्यांच्याकडून परत मागून घेतले. वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

स्थळ: वर्कशॉप, कामाच्या टेबलाशी.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले, सही: (समोरचे शिंपी)

साक्षीदार दुसरे, सही: (काका)

आणि त्याखाली, काकांच्या अक्षरात:

रिंगा चांगल्या आहेत. गॅस्केटच गेली आहे. तू घरी ये, हेड मी उचलतो. तू नुसतं बघ.