मागून येणारी होडी

ब्रॉन्स्टन, १२ मे

प्रिय केझायाताई,

दुखऱ्या गुडघ्यासकट तू खुशाल असशील, असं धरून लिहिते. डॉक्टर काय म्हणाले? वाटाण्याला फुलं आली का?

मी बरी आहे, वेळेवर जेवते. जूनमध्ये आपण दोघींनी चालायची कालव्याकाठची वाट काल पाहून आले. पूर्वी घोडे होड्या ओढत तीच, जेमतेम तीन मैलांची. चढ फक्त होड्या वर चढवणाऱ्या सहा हौदांपाशी, आणि प्रत्येक हौदाच्या दाराला जाड लाकडी दांडी आहे. तिला टेकून तू दम खाशील.

एक वेडेपणा मात्र झाला. तिसऱ्या हौदापाशी माझा हात पिशवीतल्या, हौदाचं पाणी सोडायच्या जुन्या किल्लीकडे गेला. लग्नानंतर तीस वर्षं मी पुढे चालत जाऊन खालून वर चढणाऱ्या आमच्या होडीसाठी हौद रिकामा करायचे आणि मागून आमचा एमॉस होडी आणायचा. तो जाऊन दोन वर्षं झाली, पण हाताला कोण सांगणार? मी पाणी सोडून दिलं.

वरून एक होडीवाला ओरडला, "ओ आजी, आमच्यासाठी भरलेला हौद रिकामा केलात! तुमची होडी कुठाय?"

"येतेय मागून," म्हणत मी वळले. मागे नुसता कालवा होता.

मग मीच हौद पुन्हा भरून त्याला वाट दिली.

जूनमध्ये किल्ली तुझ्या पिशवीत ठेव. मी पुढे निघाले, तर हाक मार. शेजारून चालायचं मला नव्यानं शिकायचंय. येशील ना?

तुझी वाट पाहणारी,
थर्झा