काटाघर नदीच्या बाजूला होते

मी, ट्रेव्हर बेनन, वय वर्षे चौऱ्याऐंशी, पूर्वी नकाशे काढणारा व आता नुसताच पेन्शनर, राहणार सतरा, चॅपल टेकडी, नांतहेलिग, दक्षिण वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व शाईने लिहीत आहे. लिहिताना खांद्यावरून कोणी डोकावत नाही. डॉक्टरांनी गेल्या सोमवारी मला वार विचारला, महिना विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचल्यावर त्यांनीच हात वर केले. तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे, असे समजावे. ते सगळा काळ ठिकाणावर असतानाच मी काय करून बसलो, ते पुढे येईल.

माझे २००९ सालचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी भावाचे नाव मुद्दाम घातले नव्हते.

कलम १. हे सगळे पार पाडण्याचे काम माझी पुतणी कॅरिस हिने करावे. ती माझा थोरला भाऊ ग्विलिम याची एकुलती एक मुलगी. स्वानसीला वीजजोडणीची कामे करते. बाप आणि काका बोलत नसताना ती दर नाताळात दोन्ही घरी आली, आणि एका घरातला शब्द तिने कधी दुसऱ्या घरात नेला नाही. असे माणूस वकिलांतही मिळत नाही.

कलम २. राहते घर कॅरिसला. मागच्या दाराची कडी उचलून मग ओढावी, नुसती ओढली तर हातात येते. पुढच्या खोलीबद्दल खुलासा करणे भाग आहे. आमच्याकडे पुढची खोली चॅपलच्या पाळकांसाठी, म्हणजे धर्मोपदेशकांसाठी, आणि शवपेटीसाठी राखलेली असते, एरवी तिथे कोणी पाऊल टाकत नाही. माझी बायको ओल्वेन हिने ती खोली १९९४ साली मला माझ्या टेबलावर चालणाऱ्या छोट्या रेल्वेसाठी दिली. शेजारणींनी तिला खूप बोल लावले. ती म्हणाली, "मेल्यावर खोली मिळण्यापेक्षा जिवंतपणी वापरलेली बरी." अकरा फूट लांब आणि दोन फूट रुंद असे लाकडी फळ्यांचे टेबल तिथे भिंतीला लागून उभे आहे. त्यावर अजून एक इंचही रूळ नाही. ओल्वेन २०१५ साली गेली तेव्हा तिची पेटी त्याच टेबलावर ठेवावी लागली, कारण दुसरी जागा नव्हती. तिने जागा दिली आणि मी तिला त्यावर एक गाडी चालवून दाखवू शकलो नाही, हे मला फार लागते.

कलम ३. बँकेत जे उरेल ते निम्मे कॅरिसला आणि निम्मे ग्विलिमच्या देखभालीला. ग्विलिम सध्या दरीच्या तळाशी असलेल्या वृद्धाश्रमात आहे.

कलम ४. हत्यारे. सोनाराची करवत, चिमट्यांचा संच, सोल्डरिंगचे सामान आणि रेखाटनाच्या लेखण्या कॅरिसला. लेखण्या धुवून ठेवल्या आहेत. भिंग मात्र कोणालाही देऊ नये. त्याने मला जे पाहायला हवे होते ते कधीच दाखवले नाही. अर्थात चूक भिंगाची नव्हती, पण राग कुठेतरी काढावा लागतो.

कलम ५. नांतहेलिग खाणीच्या रेल्वेमार्गाचा आराखडा, एक्केचाळीस मोठे कागद, एका फुटाला चार मिलिमीटर या मापाने. हा कॅरिसला देताना तो कसा तयार झाला आणि का अडला, हे सांगितल्याशिवाय देणे म्हणजे फसवणूक होईल.

आमचे वडील खाणीच्या यार्डात कोळशाच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, जोडत. १९५० साली दोन वाघिणींच्या मध्ये त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. मग त्यांना हलके काम म्हणून काटाघरात बसवले. भरलेली प्रत्येक वाघीण काट्यावर उभी राही, आणि वडील लाकडी खोलीच्या खिडकीतून वजन वाचून लिहून घेत. पगार कमी झाला. दोघांपैकी एकालाच शाळेत ठेवता येणार होते. ग्विलिम सोळा वर्षांचा होता. त्याने वडिलांचा वाघिणी जोडायचा दांडा उचलला आणि यार्डात गेला. मी शाळेत राहिलो. शाळेच्या कोटावर काजळी पडेल म्हणून आईने मला खाणीच्या फाटकाजवळसुद्धा फिरकू दिले नाही. मी माडीच्या खिडकीतून गाड्या मोजायचो. पुढे कार्डिफला नकाशांच्या कचेरीत लागलो, आणि गावात माझे नाव पडले ट्रेव्हर पेन्सिल. थोडक्यात, ज्या मार्गाचा मी एक्केचाळीस कागदांवर आराखडा काढला, त्यावर मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो.

खाण १९७४ साली बंद झाली आणि यार्ड सपाट केले. मोठ्या नकाशांवर काटा दाखवलेला आहे, पण त्याच्या शेजारची खोली इतकी लहान की नकाशावाल्यांनी ती सोडून दिली. म्हणून मी एका फोटोवर विसंबलो. १९५७ सालचा फोटो. काट्यावर इंजिन उभे आहे, मागे काटाघर, समोर वडील. बाकी सगळी वाफ. इंजिनाची चिमणी डावीकडे आहे. आमच्या मार्गावर इंजिनाचे तोंड कायम चढाकडे, म्हणजे उत्तरेला असायचे. म्हणून मागची खोली पूर्वेला, डोंगराच्या बाजूला. हिशोब चोख होता.

१९९६ च्या मार्चमधल्या एका शनिवारी चॅपलमागच्या खोलीत आमच्या छोट्या रेल्वेच्या मंडळाची बैठक होती. सात जण, चहा, आणि ओल्वेनने तव्यावर भाजलेल्या मनुकांच्या गोड पोळ्या. ग्विलिमला मीच बोलावले होते. आराखडा उलगडला. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"ट्रेव्ह, फार सुरेख झालंय रे," तो म्हणाला. "फक्त काटाघर चुकीच्या बाजूला काढलंयस."

"चुकीच्या म्हणजे?"

"डोंगराकडे काढलंयस. ते नदीकडे होतं, लेका."

मी फोटो पुढे केला, चिमणीचा हिशोब समजावला. त्याने फोटोकडे धड पाहिलेही नाही. म्हणाला, "अरे, तेवीस वर्षं त्या भिंतीला टेकून डबा खाल्लाय मी. सकाळचं ऊन सरळ तोंडावर यायचं. डोंगराकडे असती ती खोली, तर दुपारपर्यंत सावलीत कुडकुडत बसलो नसतो का?"

तिथे थांबता आले असते. पण सहा माणसे ऐकत होती. मी म्हणालो, "ग्विल, तुला वाघिणी जोडायला ठेवलं होतं, डोकं चालवायला नाही. फोटोला जेवल्यावर डुलकी लागत नाही."

सगळे हसले. ग्विलिमने कप बशीत ठेवला आणि कोट घातला. दारात थांबून म्हणाला, "बाबा त्या खोलीत बसायचे, ट्रेव्ह. एकदा तरी येऊन बघायचंस."

त्यानंतर पंचवीस वर्षांहून जास्त काळ आम्ही बोललो नाही. एकाच टेकडीवर, मध्ये नऊ घरे. तो पावाच्या दुकानात असला तर मी बाहेर पाऊस असो की काही असो, रस्त्याच्या पलीकडे थांबायचो. ओल्वेनच्या अंत्यविधीला तो टोपी हातात घेऊन चॅपलच्या फाटकाबाहेर उभा होता. मी गाडीच्या काचेतून त्याला पाहिले आणि समोर बघायला लागलो.

कलम ६. मंडळाचे अध्यक्ष डिल्विन होस्किन यांना माझे जुन्या वेळापत्रकांचे कपाट. गेली पंचवीस वर्षे ते दर प्रदर्शनात मला विचारतात, "काय पेन्सिल, तुमची गाडी अजून यार्डातच?" त्याचा मला राग नाही. पण त्या शनिवारी सगळ्यांत आधी ते हसले होते. ते हसले नसते तर मी कदाचित तोंड आवरले असते. हे खोटे आहे, मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. कपाटाची किल्ली मात्र मी हरवली आहे. त्यांनी शोधावी.

कलम ७. आता जे सात वर्षे कोणाला सांगितले नाही ते.

ओल्वेन गेल्यावर चॅपलमध्ये मांडायला म्हणून मी घरातले सगळे फोटो, पेटी यायच्या आधी, त्याच टेबलावर पसरले. वडील चार फोटोंत होते. माझ्या लग्नात, ग्विलिमच्या लग्नात, चॅपलच्या सहलीत, आणि काटाघरासमोर. बोटे गेल्यापासून वडील फोटो काढताना तो हात खिशात घालायचे. तीन फोटोंत डावा हात खिशात होता. काटाघरासमोरच्या फोटोत उजवा.

मी खुर्चीत बसलो. फोटो छापणाऱ्याने निगेटिव्ह उलटी ठेवली होती. इंजिनाच्या नंबराची पाटी वाफेत बुडाल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. सुलटा केला की चिमणी उजवीकडे जाते, आणि काटाघर पश्चिमेला, नदीच्या बाजूला. भावाच्या तोंडावर सकाळचे ऊन.

त्या फोटोवर मी बावीस वर्षे भिंग फिरवत होतो. खोलीच्या फळ्या मोजल्या, खिडकीच्या काचा मोजल्या, छपराचे खिळे मोजले. मध्ये उभ्या असलेल्या वडिलांकडे एकदाही पाहिले नाही.

नऊ घरे ओलांडून जायला मला दोन मिनिटे लागली असती. मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटले, मग त्याच्या वाढदिवसाला जाऊ म्हटले, मग वाटले की आता इतक्या उशिरा जाऊन काय सांगायचे. रूळ का टाकले नाहीत याचे कारणही हेच. फोटो कळण्याआधी ग्विलिमचे ते सकाळचे ऊन मनात टोचायचे, म्हणून नुसताच मोजत राहिलो. फोटो कळल्यावर काटाघर डोंगराकडे बांधणे शक्य नव्हते, आणि नदीकडे बांधले असते तर पाहायला येणाऱ्या पहिल्याच माणसाला कळले असते की ग्विलिमचे खरे होते. म्हणून मी सगळ्यांना सांगत राहिलो, आराखडा अजून पक्का व्हायचा आहे.

तरी मी नमूद करतो की काटाघर नदीच्या बाजूला होते, माझा भाऊ ग्विलिम बेनन बरोबर होता, आणि मी त्याला चारचौघांत बोललो ते वाक्य मी चारचौघांत परत घेतो. हे कलम चॅपलमागच्या खोलीत, मंडळाच्या बैठकीत, मोठ्याने वाचावे. त्या दिवशीच्यांपैकी तिघे जिवंत आहेत. कॅरिसने रेल्वे बांधली तर त्याप्रमाणे बांधावी. नाही बांधली तरी माझी तक्रार नाही. फळ्या चांगल्या आहेत, तिला कामाचे टेबल होईल.

कलम ८. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅरिसचा फोन आला की बाबांची आठवण आता पार जात चालली आहे. तेव्हा मी गेलो. माफी मागायची म्हणून काळा सूट घातला, सुलटा छापून घेतलेला फोटो बरोबर घेतला. ग्विलिम खिडकीशी बसला होता. माझा सूट पाहून त्याने मला पाळक समजले आणि उठायला लागला.

"बसा, बसा," म्हणाला. "बरं झालं आलात. माझा एक निरोप द्यायचाय. माझा धाकटा भाऊ आहे, टेकडीवर, सतरा नंबर. ट्रेव्हर. त्याला सांगा, काटाघर डोंगराकडेच होतं."

मी फोटो पाकिटातून काढला.

"मी खूप विचार केला," तो म्हणाला. "त्याचंच बरोबर. म्हणावं, ग्विल कबूल करतोय, आता ये."

मी म्हणालो, "नाही हो. नदीकडे होतं. तुमचंच बरोबर होतं. हा बघा फोटो."

त्याने फोटो हाताने बाजूला सारला. असा संतापला की नर्स धावत आली. "तुम्ही त्याला खोटं पाडायला आलात काय? तो शिकलेला आहे! मी शिकवलाय त्याला!"

तेव्हापासून मी दर बुधवारी जातो. प्रत्येक वेळी तो मला पाळक म्हणतो, आणि प्रत्येक वेळी तोच निरोप देतो. पहिले काही आठवडे मी त्याला पटवायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी तो माझी बाजू घेऊन माझ्याशीच भांडला. आता पटवत नाही. तो निरोप देतो आणि मग दाराकडे बघत बसतो. मला ते सहन होत नाही, पण जातो.

माझ्या पश्चात कोणीतरी दर बुधवारी जावे. कॅरिसला कामामुळे जमणार नाही, म्हणून मंडळातल्यांनी आळीपाळीने जावे, डिल्विन होस्किन यांनी पहिल्यांदा. काटाघराबद्दल त्याच्याशी एक अक्षरही वाद घालू नये. मी मेलो हे त्याला सांगू नये. त्याने निरोप दिला की एवढेच म्हणावे, "निरोप पोचला, ग्विल. ट्रेव्हर घरून निघालाय."

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या समोर सही करीत आहे. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून शेजारच्या मेना प्यू यांना वाफ्यातल्या लीकच्या भाजीच्या जुड्या कालच दिल्या. सही करण्यापूर्वी त्यांनी कलम आठ वाचले. "मिस्टर बेनन, सही नंतर करू या का? तुमची बस चुकेल," म्हणाल्या. मी म्हटले, आत्ताच करू, बसला अजून दहा मिनिटे आहेत.

सही: ट्रेव्हर बेनन

साक्षीदार:
१. मेना प्यू, एकोणीस, चॅपल टेकडी
२. इडवाल मॅडॉक, निवृत्त पोस्टमन, चार, चॅपल टेकडी

स्थळ: नांतहेलिग
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२२, बुधवार