टेबलाची डावी बाजू

३ सप्टेंबर, मंगळवार
ठरलं. यापुढे माझे निर्णय भावनेवर नाहीत, अभ्यासावर. तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन दोन वर्षं झाली. घरातली पहिली पदवीधर म्हणून फोटो भिंतीवर आहे. त्याच्या पलीकडेच स्वयंपाकघराचं छत गळतं. त्याखाली बादली आहे.
सहायक नर्सचा दोन वर्षांचा खाजगी कोर्स करायचा का? एक टेबल केलंय. डावीकडे खर्च, उजवीकडे कमाई. आईच्या भिशीचा नंबर या महिनाअखेरीस लागतोय. दोन हजार दिनार. आई म्हणाली, तुझ्यासाठीच ठेवते, छत काय, पळून जात नाही. आठवड्यात निर्णय कळवते, असं मी सांगितलं.

५ सप्टेंबर
संस्था पाहिली. बाजारातल्या बेकरीच्या वर. पूर्वी तिथे ड्रायव्हिंग स्कूल होतं. वर्गात अजून एकेरी वाहतुकीची पाटी आहे. इंजेक्शनच्या सरावासाठी रबरी हात आहे, एकच. त्याची चाळण झालीय.
संचालक मोन्सफ, आदराने सगळे ‘सी मोन्सफ’ म्हणतात, फार अदबीचे गृहस्थ. त्यांनी पुदिन्याचा चहा पाजला. फी वर्षाला अठराशे. पगार सुरुवातीलाच महिना बाराशे, पुढे जर्मनीत नोकरी. वर्षभरात पैसे वसूल. टेबल फारच छान दिसतंय. इतकं छान, की अजून चौकशी करायला हवी. हाच माझ्यात आणि इतरांत फरक.

८ सप्टेंबर
गल्लीत बातमी गेली. आता मला सगळे डॉक्टर म्हणतात. हलीमामावशी ब्लड प्रेशरचं मशीन घेऊनच आली. मी तत्त्वाला धरून नकार दिला. ती म्हणाली, “अजून शिकली नाहीस तोवर एवढा भाव? शिकल्यावर तर दारातही उभी करणार नाहीस.” शेवटी पट्टा बांधला. आकडा काय आला ते कळलं नाही. ठीक आहे म्हणून सांगितलं. मावशीने खजुराची मिठाई दिली.
मिठाई कमाईत धरायची का? तूर्त धरलीय.

११ सप्टेंबर
याच संस्थेत शिकलेली सब्रीन भेटली. आता क्लिनिकमध्ये आहे. मी सात प्रश्न लिहून नेले होते. तिने हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव खात उभ्याउभ्याच सगळी उत्तरं दिली. पगार साडेपाचशे. परीक्षेची फी, गणवेश, विमा, सगळं वेगळं, वर सहाशे जातात. जर्मनीचं विचारलं तर हसून हसून तिला ठसका लागला. मीच पाणी आणून दिलं.
रात्री हिशेब. खर्च बेचाळीसशे. बस, जेवण आणि घरी द्यायचे वजा जाता महिन्याला पन्नास उरतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला सात वर्षं. जर्मनीची ओळ खोडली. मग परत लिहिली. आशेला फी लागत नाही.

१४ सप्टेंबर
नौरसने टेबल वाचलं. माझी धाकटी बहीण. बारावी दोनदा नापास, सलूनमध्ये केस झाडते. म्हणाली, “ताई, सात वर्षं? मग नको ना जाऊस.”
मी समजावलं की आयुष्य आकड्यांत मोजता येत नाही.
“मग टेबल कशाला केलंस?”
शिक्षण अर्धवट राहिलं की माणूस असं सरळसोट बोलतो.
आईने निर्णयाचं विचारलं. अभ्यास चालू आहे म्हटलं.

१७ सप्टेंबर
सी मोन्सफना जाब विचारायला गेले. टेबल त्यांच्यापुढे ठेवलं. चिडतील असं वाटलं होतं. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचलं. म्हणाले, इतक्या वर्षांत एवढं मन लावून कुणी काम केलं नाही. प्रवेशाच्या टेबलावर बसणार का? महिना साडेचारशे.
मी विचार करायला वेळ मागितला. चहा संपेपर्यंत विचार झाला. बाहेरून ओरडण्यापेक्षा आत जाऊन पारदर्शकता आणलेली बरी. शिवाय एक दिनारही न घालवता मी आरोग्यक्षेत्रात आले.
आईला म्हटलं, आता भिशीतून छत करून घे. घराचा केवढा खर्च वाचवला मी. आई नुसती “बघू” म्हणाली. आनंद तिला पटकन दाखवता येत नाही.

२१ सप्टेंबर
माझं टेबल रंगीत छापून आलं. खाली माझं नाव, पदवीसकट. कागदावर जागा कमी पडल्यामुळे डावी बाजू गेली. पगाराचा आकडा त्यांनी पुन्हा बाराशे केलाय. सी मोन्सफ म्हणाले, खर्चाचं कुणी विचारलं तर तोंडी सांगायचं. मी डावी बाजू स्वतःच्या अक्षरात लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलीय. विचारलं की लगेच दाखवणार.
आज चार मुली आल्या. कुणी विचारलं नाही. चौघींनी प्रवेश घेतला. मुलीमागे मला तीस दिनार. याला कमिशन म्हणणं चूक आहे. प्रोत्साहन.

२८ सप्टेंबर, शनिवार
दुपारी आई आली. लग्नाला बांधते तो जांभळा रुमाल डोक्याला. मागे नौरस, हातात माझा रंगीत कागद. मी आत बोलावलं तरी आई रांगेतच उभी राहिली. पाळी आल्यावर भिशीची गाठ टेबलावर सोडली.
म्हणाली, “छत पुढच्या वर्षी बघू. हिला घे. तू इथे बसलेली असताना हिला कोण फसवणार?”
नौरस कागद वाचत होती. हळूच म्हणाली, “ताई, ती सात वर्षं कुठे गेली?”
सी मोन्सफ माझ्या खुर्चीमागे उभे होते. रांगेत तीन मुली होत्या. आई माझ्याकडे बघत होती. वर्गात मी पहिली आल्याचं सांगायचे तेव्हा बघायची तशी.
मी म्हणाले, “आकडे नवे आलेत.”
ड्रॉवर उघडला. पावतीपुस्तक काढलं.
सोमवारपासून डावी बाजू सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावायची. एकेरी वाहतुकीच्या पाटीशेजारी जागा आहे. उद्या सुट्टी आहे, नाहीतर उद्याच लावली असती.
तीस दिनार मिळाले. येताना नवी बादली घेतली. जुनी लहान पडत होती.