सरस वाळेपर्यंत

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सिगारेट सोडल्याची ही पाचवी बातमी, म्हणून पेढ्यांची घाई केली नाही. चौथ्या वेळी तू माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस आणि आठवड्याच्या आत तुझ्या हत्यारांच्या पेटीत, पटाशीखाली, मला पाकीट सापडलं. डोकं माझं होतं रे!

पण डॉक्टरांनी छातीच्या एक्स-रे फोटोत डाग दाखवला आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले, हे वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तू खोटारडा आहेस. तरी माझ्या पाठचा आहेस, आणि मला तू हवा आहेस. जमेल तितके दिवस सोड. मोडलं तर निदान मला खरं कळव.

तुझी रागावलेली,
ताई

ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंधरा दिवस होऊन गेले, एकही ओढली नाही. तलफ येते, पाणी प्यालो की जाते. खरी पंचाईत झाली सरसाची. खुर्चीच्या सांध्याला सरस लावून शिकंजा आवळला की मी मागच्या दाराशी जाऊन सिगारेट ओढायचो. ती संपेपर्यंत सांधा धरलेला असायचा. तीस वर्षं माझं घड्याळ तेच. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलं तर तलफ दुप्पट होते. शेवटी एकदा कंटाळून शिकंजा लवकर सोडला, आणि कारखान्याचे मालक कौतुकानं खुर्चीत बसले ते थेट जमिनीवर.

सगळे हसत असताना मी सवयीनं खिसा चाचपला, तर हाताला तुझं पत्र लागलं. नवा सरस लावला आणि तुझी बोलणी खात शेवटपर्यंत वाचलं. सांधा बघितला, पक्का! आता रोज तेच वाचतो. गाद्या शिवणाऱ्या मावशींनी आणि पॉलिशवाल्यानं हट्ट धरला, म्हणून मोठ्यानं वाचतो. पण एक पत्र किती दिवस पुरणार? पाठपोट दोन पानं लिहीत जा. सावकाश वाचीन.

तुझा,
धाकटा

ता. २७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मेल्या, माझं पत्र चारचौघांत वाचलंस? आधी सांगितलं असतंस तर अक्षर तरी नीट काढलं असतं. मावशींना आणि पॉलिशवाल्या भाऊंना माझा नमस्कार. मालकांची कंबर कशी आहे?

इकडे तुझ्या भावोजींनी नळ दुरुस्त करायला घेतला. मी नको नको म्हणत होते. मला म्हणाले, यात काय आहे एवढं! अर्ध्या तासात स्वयंपाकघराचं तळं झालं आणि हे स्टुलावर उभे राहून मलाच सूचना देत होते. ते पाणी शेवटी कुणी आणि कसं थांबवलं, ते आठवडाभर सिगारेटला हात न लावणाऱ्यालाच कळवीन. मावशींनी लक्ष ठेवावं.

तुझी,
ताई

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी कबुली. मागच्या महिन्यात तुला ताप आला आणि नऊ दिवस पत्र आलं नाही, तेव्हा माझा धीर सुटला. एक सिगारेट विकत घेतली. मागच्या दाराशी जाऊन काडीही ओढली. एवढ्यात मावशी आल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, तू खोटारडा आहेस. आतून पॉलिशवाला म्हणाला, तरी माझ्या पाठचा आहेस. आणि मला तू हवा आहेस, हे पुढचं मालकांनी म्हटलं, ताई, तेही पुस्तक वाचल्यासारखं अचूक. तुझं पहिलं पत्र सगळ्या कारखान्याला पाठ झालंय. काडी माझ्या बोटाला चटका देऊन विझली. सिगारेट मालकांनी सरसाच्या डब्यात बुडवली आणि अख्खा डबा वाया घालवला.

हे लपवलं असतं तर तुला कळलं नसतं. पण या वेळी खोटं नको होतं.

आता बातमी. आज दुसरा फोटो काढला. डाग गेला आहे. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा. दवाखान्याचे दोन्ही जिने मी न थांबता चढलो होतो, हे मला उतरताना लक्षात आलं, आणि मी पायरीवर बसून रडलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मावशी म्हणाल्या, सुटली ना सिगारेट, आता ताईंना लिहायचा त्रास कशाला? मी म्हटलं, सरस अजून तेवढाच वेळ घेतो.

भावोजींना नमस्कार. दोन पानांच्या खाली येऊ नकोस, एवढाच लोभ ठेव.

तुझ्या पाठचा,
धाकटा